विद्युतशास्त्राची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विद्युतशास्त्र नव्याने शिकत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की, ओहमच्या नियमाचे सूत्र (विभवांतर = धारा × रोध; रोध म्हणजे धारेला होणारा अडथळा) पाठ करण्याआधी प्रभार, धारा आणि विभवांतर या तीन संकल्पना नीट वेगळ्या ओळखायला शिका. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तेव्हा प्रभार कंगव्यावरच साचलेला असतो. प्रभार तारेतून वाहू लागला की ती धारा. आणि प्रभाराला वाहायला लावणारा, तारेच्या दोन टोकांमधला विद्युत दाबाचा फरक म्हणजे विभवांतर; ते व्होल्टमध्ये मोजतात. मग ओहमचा नियम पारखायला १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा तंतू असलेला जुना बल्ब आणि मल्टिमीटर (विभवांतर, धारा आणि रोध मोजणारे उपकरण) एवढे साहित्य पुरेसे आहे. विझलेल्या बल्बचा रोध मोजा, मग तो पेटलेला असताना विभवांतराला धारेने भागा. दुसरा आकडा कितीतरी मोठा येतो, कारण तापलेल्या टंगस्टनच्या तंतूचा रोध वाढतो. (ओहमच्या नियमातली स्थिर तापमानाची अट विद्यार्थी हमखास विसरतात.) घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर मात्र प्रयोग अजिबात करू नका.