कमरेला टेप लावल्याशिवाय थायरॉइडची गोळी लिहू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरात, तेही विडी कामगारांच्या पूर्व भागात दवाखाना टाकलास, फार बरं वाटलं. अंग सुटलेलं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ६.८, म्हणजे किंचित वाढलेला, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. अशा बाईला गोळी द्यावी का, असं विचारलंस.

माझ्याकडे अशाच एक बाई आल्या होत्या, विड्या वळणाऱ्या. सकाळी मांडीवर घेतलेलं सूप दिवस मावळला तरी खाली ठेवायच्या नाहीत. मी रिपोर्ट पाहिला, थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, लिहिलं आणि ‘वजन उतरेल’ असंही सांगून बसलो. सहा महिन्यांत टीएसएच उतरला, कंबर होती तेवढीच. साखर मी तपासलीच नव्हती. तपासली तेव्हा मधुमेह निघाला. ही चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

थायरॉइड मंदावला की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नीट उचलत नाही, इन्सुलिनचाही जोर कमी पडतो. हे आपण शिकलोच. पण उलटंही घडतं. चरबी वाढली की तिच्यातून सुटणारं लेप्टिन हे हार्मोन वाढतं आणि त्याच्या रेट्याने टीएसएच थोडा चढतो. वजन उतरलं की तोही उतरतो. म्हणून किंचित वाढलेला टीएसएच पाहून लठ्ठपणाचं खापर लगेच थायरॉइडवर फोडू नकोस.

दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा कर, सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठलंय का ते दाखवणारी तपासणी. बऱ्याच जणींचा आकडा आपसूक खाली येतो. १० च्या वर टिकला, किंवा बाई गरोदर असेल, मूल हवं असेल, तर मात्र वेळ घालवायचा नाही. गोळी रिकाम्या पोटी, चहाआधी निदान अर्धा तास. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब.

टेबलावर शिंप्याचा टेप ठेव. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचं. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, ही हद्द. मग बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). कमरेसकट या पाचांपैकी तीन बिघडले असतील तर तो मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह-हृदयविकाराकडे नेणारी अवस्था, टीएसएच काहीही असो.

भाकरी बंद करायला सांगू नकोस. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेली माणसं ही. ताटात भाकरी राहू दे, एक कमी कर. शेंगाचटणी चमचाभर. दिवसभरात किती चहा आणि प्रत्येकात किती साखर, हे मात्र खोदून विचार. ‘तासातासाला उठा’ हे सांगणं सोपं आहे, पण विड्या वळणाऱ्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. उठलं की तेवढे पैसे बुडतात. माझ्या त्या बाई माल द्यायला रिक्षाने जायच्या, त्या चालत जाऊ लागल्या. तेवढंच त्यांना परवडत होतं, आणि तेवढं त्यांनी नेमाने केलं.

तुझ्या बाईंची कंबर आणि साखर मोजलीस की मला कळव.

तुझे सर