वाचकांचे प्रश्न : स्त्रीपार्टी नटाचे उत्तरायुष्य

प्रश्न : बालगंधर्वांचे नाव निघाले की माझे आजोबा गहिवरत असत. मला मात्र नेहमी एक शंका येते. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाचे वय वाढले, अंग भरले, की त्याने पुढे काय करायचे? आणि स्त्रिया रंगभूमीवर आल्या म्हणून बालगंधर्वांचा काळ संपला, हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

संगीत नाटकांच्या कंपन्यांमध्ये स्त्रीपार्टी, म्हणजे पुरुष नटाने स्त्रीची भूमिका करणे, हा बहुतेक नटांच्या आयुष्यातला एक टप्पा असे. गोड गळ्याचा, नाकीडोळी नीटस मुलगा कंपनीत दाखल होई, बिऱ्हाडात राहून पदे बसवी, नक्कल (म्हणजे आपल्या भूमिकेचे लिहून दिलेले संवाद) पाठ करी आणि नायिकेच्या भूमिकेत उभा राही. पुढे आवाज आणि शरीर बदलले की तो पुरुष भूमिकांकडे वळे. किर्लोस्कर मंडळी या नाटक कंपनीत शकुंतला आणि सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर उत्तरकाळात पुरुषवेशातही उभे राहिले. केशवराव भोसले लहान वयात ‘शारदा’ नाटकातील शारदा म्हणून प्रसिद्धीस आले आणि नायक म्हणून त्यांनी त्याहून मोठे नाव मिळवले. मास्टर दीनानाथांनी ‘भावबंधन’मध्ये लतिका रंगवली आणि ‘मानापमान’मध्ये नायक धैर्यधरही रंगवला. विष्णुपंत पागनीसांचे उदाहरण मला सर्वांत हृद्य वाटते. एके काळी लुगडे नेसून रंगमंचावर वावरलेला हा नट 1936 साली प्रभातच्या चित्रपटात तुकाराम झाला, आणि त्या तुकारामाच्या नजरेत व हातांच्या हालचालीत जे मार्दव दिसते ते स्त्री भूमिकांच्या तालमीतून आले असावे, असे तो चित्रपट पाहताना मला दर वेळी वाटते.

बालगंधर्वांच्या बाबतीत मात्र हा टप्पाच सारे आयुष्य होऊन बसला. बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 चा. भाऊरावांचे निधन होऊन चार वर्षे झाली होती आणि किर्लोस्कर मंडळी त्यांच्या तोडीचा गळा शोधत होती, तेव्हा 1905 मध्ये मिरजेत नारायणराव शकुंतला म्हणून उभे राहिले. 1911 मध्ये ‘मानापमान’मधील भामिनी, 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, 1916 मध्ये ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, 1919 मध्ये ‘एकच प्याला’मधील सिंधू, असा हा चढता काळ होता. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला नट सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे नेसून उभा राहतो, यातच त्यांच्या अभिनयाची समज दिसते. त्यांचे नेसणे, त्यांचा खोपा, त्यांचा गजरा घराघरांतील स्त्रिया उचलत होत्या. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही हकिकत नेहमी कौतुकाने सांगितली जाते, मला ती वाचताना कौतुकापेक्षा वेदनाच अधिक होते, कारण कंपनीचा सारा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा असला म्हणजे त्याला शोक करण्याचीही मुभा उरत नाही, हेच तिच्यातून कळते.

आता दुसरा प्रश्न. स्त्रियांचे आगमन हे एक कारण खरे, पण ते एकटे नव्हे. 1929 पासून हिराबाई बडोदेकरांनी संगीत नाटकांत भूमिका केल्या, 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे यांनी काम केले, आणि त्याच सुमारास बोलपट आला. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे यांची तारामती पाहिलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना नवी सवय लागली. त्यात मखमली पडदे, उंची वस्त्रे, अत्तरे, तबलावादक अहमदजान थिरकवाँसारखे साथीदार, असा गंधर्व मंडळीचा खर्च कधीच हात आखडता घेणारा नव्हता, आणि कर्जाने ती अनेकदा वाकलेली होती. नारायणराव स्वतः पंचेचाळिशी ओलांडत होते. 1935 मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले. भूमिका पुरुषाची, संताची, वयाला शोभणारी होती, तरीही ज्यांनी त्यांना भामिनी म्हणून मनात जपले होते त्यांना ती पचली नाही. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेशात दिसले. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्यावर नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे गेल्या. केशवराव वा दीनानाथ जो वळण-रस्ता तरुणपणीच पार करून गेले, तो नारायणरावांपुढे फार उशिरा आला, आणि माझ्या मते त्याचा दोष त्यांच्याइतकाच त्यांना दुसऱ्या रूपात पाहू न इच्छिणाऱ्या प्रेक्षकांकडेही जातो.

प्रश्न : आजच्या भाषेत त्यांना ‘ड्रॅग’ कलाकार म्हणता येईल का?

उत्तर : हा शब्द अवमानकारक आहे म्हणून तो नाकारावा, असे मी म्हणणार नाही, ड्रॅग, म्हणजे भिन्नलिंगी वेशात केलेले सादरीकरण, ही कष्टाची आणि मानाची कला आहे. फरक हेतूचा आहे. ड्रॅगमध्ये वेशाआडचा कलाकार प्रेक्षकाला सतत जाणवत राहावा लागतो. रंग, केस, हावभाव मुद्दाम वाढवलेले असतात आणि त्या वाढवण्यातच गंमत व भाष्य असते. स्त्रीपार्टी नटाला भूमिकेतली स्त्री खरी वाटायला हवी असे. तरीही ही सीमारेषा सांगितली जाते तितकी पक्की नाही. प्रेक्षक सिंधूसाठी डोळे पुसत आणि पद संपताच ‘वन्स मोअर’चा गजर करत, तेव्हा तो गजर सिंधूसाठी नसून नारायणरावांसाठी असे. एकाच क्षणी स्त्री आणि नट दोघेही दिसणे, हे ड्रॅगशी असलेले नाते मला नाकारता येत नाही.

प्रश्न : त्यांचे गाणे आज कसे ऐकावे? तबकड्या ऐकून माझी थोडी निराशा झाली.

उत्तर : निराशा स्वाभाविक आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि रंगमंचावर तेच पद मागणीप्रमाणे कितीतरी वाढे. एकच पद लागोपाठ तीन वेळा ऐका. पहिल्यांदा केवळ शब्द, दुसऱ्यांदा लय, तिसऱ्यांदा शब्द कोठे सोडला आणि कोठे धरला ते. त्यांचे गुरू भास्करबुवा बखल्यांची तालीम तिथे सापडेल.