खुर्चीवर बसून लघवीची घाई थांबेल?

प्रश्न : वय ५२. घाई लागली की मोरीपर्यंत पोचायच्या आत गळते. लघवी रोखणारे स्नायू चुंबकाच्या स्पंदांनी आवळणाऱ्या चुंबकीय खुर्चीचे उपचार घ्यावेत का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी लघवी आणि साखर तपासा, जंतुसंसर्ग निघाला तर खुर्चीचे पैसे वायाच. चहा कमी करा. घाई आली की धावू नका, जागीच थांबून लघवी रोखायचे स्नायू पाच-सहा वेळा आवळा. हे सहा आठवडे तरी नेटाने करा.

खुर्चीवर कपड्यांसकट बसायचे, साधारण २० मिनिटे, आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. घाईसाठी बहुधा १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १० स्पंद, वापरतात. खोकताना गळणाऱ्यांना ५०. बैठक सरकली तर ओढ मांडीतच जाणवते, मग तंत्रज्ञाला लगेच सांगा. पेसमेकर, खुब्यात धातू किंवा गरोदरपण असेल तर नकोच. तांबी असल्यास आधी सांगा. पुरावा अजून तोकडा आहे, त्यामुळे पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.