वाचकांचे प्रश्न : जर्मन नेमबाजांचा गोफ आणि गरुडाचा बिल्ला

प्रश्न : आमचा गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. एका एकांकिकेसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शिपायांचे चार कोट शिवायचे आहेत. फोटोत छातीवर रुपेरी गोफ दिसतो. तो कोणत्या बाजूला लावायचा, आणि चौघांनाही द्यायचा का?
— अशोक चौक, सोलापूर

उत्तर : चौघांना नको, एखाद्यालाच द्या. हा ‘श्यूत्सेनश्नूर’, म्हणजे नेमबाजीत ठरलेले गुण मिळवणाऱ्या सैनिकाचा गोफ. तो १९३६ साली सुरू झाला. उजव्या खांद्याच्या पट्टीखालून निघून तो कोटाच्या दुसऱ्या बटनाला अडकतो. अधिकाऱ्याच्या पात्राला मात्र देऊ नका. अधिकाऱ्यांच्या उजव्या खांद्यावर दिसतो तो समारंभाचा गोफ वेगळा, आणि चूक बहुतेक वेळा इथेच होते.

याच्या १२ पायऱ्या होत्या. खांद्याकडच्या टोकाला ढालीच्या आकाराचा छोटा बिल्ला असतो, त्या ढालीवरून चारचा गट कळतो : १ ते ४, ५ ते ८ आणि ९ ते १२. शेवटच्या गटाची ढाल सोनेरी असते. गटातली नेमकी पायरी खालच्या टोकाला लोंबणाऱ्या बोंडांवरून (ओक झाडाच्या फळाच्या आकाराचे लटकन) मोजायची. गटातल्या पहिल्या पायरीला बोंड नसते, पुढे एक, दोन, तीन. तोफखान्यात बोंडाऐवजी छोटा तोफगोळा असे. साध्या शिपायाला बिनबोंडाचा किंवा एका बोंडाचा गोफ पुरे.

मूळ गोफ मंद रंगाच्या अॅल्युमिनियमच्या तारेचा असे. साडीची चकचकीत जर वापरलीत तर रंगमंचाच्या दिव्याखाली शिपाई वरातीतला बँडवाला दिसेल. वायुदलाच्या गोफात निळसर करडा धागाही असे. ढालीवर नुसता गरुड काढा. स्वस्तिक प्रेक्षकाला लांबून दिसत नाही, ते गाळावे हे आमचे मत.

प्रश्न : जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे गरुडाचे डोके भरलेला कापडी बिल्ला आहे. सोबत तो बाहीवर लावलेल्या सैनिकाचा फोटो, मागे १९४२ लिहिलेले. घ्यावा का?
— जुळे सोलापूर

उत्तर : गरुडाच्या डोक्याचा बिल्ला स्नायपरचा, म्हणजे लपून दुरून नेम धरणाऱ्या सैनिकाचा. पण फोटोवरचे साल खरे असेल, तर फोटोतला बिल्ला तो नव्हे. स्नायपरचा हा बिल्ला २० ऑगस्ट १९४४ रोजी जाहीर झाला. त्याच्या तीन श्रेणी होत्या : २०, ४० आणि ६० शत्रुसैनिक टिपल्याबद्दल. मोजणी १ सप्टेंबर १९४४ पासून; आधीचे धरले जात नसत. पहिल्या श्रेणीला कडेची दोरी नाही, दुसरीला रुपेरी, तिसरीला सोनेरी. जागा उजव्या बाहीवर, खालच्या बाजूला. युद्ध संपायला जेमतेम आठ-नऊ महिने उरले असताना आलेला बिल्ला, त्यामुळे खरे थोडे आणि नकला उदंड.

घरी करण्याजोगी तपासणी म्हणजे नोटा पाहायचा जांभळा दिवा. अंधारात धरल्यावर धागा निळा-पांढरा उजळला, तर तो बहुधा युद्धानंतरचा. पण घाई नको. जुने कापड आजच्या डिटर्जंटमध्ये धुतले तरी उजळते, कारण पावडरीतले चमक आणणारे रसायन त्यात उतरते. म्हणून मागची बाजू आणि टाक्यांच्या मुळाशी पाहा. एखादा तंतू सुटलेला असेल तर विकणाऱ्याला विचारून तोच जाळा. सुती तंतू कागदासारखा वास देऊन राख होतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनते. मणी दिसला की पैसे खिशातच ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीतला असा गोफ काळवंडला आहे. पीतांबरीने घासू का?
— होटगी रोड

उत्तर : नको. चिंच, पीतांबरी, ब्रासो यांनी ढालीचा सोनेरी मुलामा निघून जातो आणि पावडर विणीत अडकून बसते. अॅल्युमिनियम चांदीच्या जरीसारखे काळे पडत नाही, करडे होते. काळा थर असेल तर तो धूर, तेल किंवा मुद्दाम जुनेपणासाठी लावलेला रंग. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, एवढेच. घडी घालू नका, तार मोडते. धुतलेल्या मलमलीत सपाट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते, आणि पत्र्याच्या पेटीत माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते. कपाटाचा खालचा खण बरा.

प्रश्न : आजच्या जर्मन सैन्यात हा गोफ आहे का?
— सात रस्ता

उत्तर : आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन श्रेणींत. जर्मन सैन्याबरोबर सराव करणारे अमेरिकी सैनिकही तो मिळवतात. त्यांच्यातले अधिकारी परीक्षा देऊ शकतात, गणवेशावर लावू शकत नाहीत.