नवीन घरात केबल नेट आणि टीव्हीची वायरिंग कशी करावी? वायफाय असताना भिंतीतून पाइप टाकायची गरज आहे का?

गरज आहे. प्लास्टर व्हायच्या आत टाका आणि घरात कोणी नको म्हणालं तरी मागे हटू नका.

अमळनेरला आम्ही २०१६ साली घर बांधलं. प्रत्येक खोलीत नेट-टीव्हीचा वेगळा पाइप टाकायचा म्हणून मी वायरमनला भिंतीवर खडूने खुणा करून दिल्या होत्या. मी नोकरीवर परत गेलो आणि दादांनी "आते वायफायना जमाना शे, पाइप कसाले?" म्हणत सगळं रद्द केलं. मग केबलवाल्याने गच्चीवरून वायर सोडली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली आणि खिळे मारत माडीवर नेली.

तिसऱ्या पावसाळ्यात टीव्हीचं चित्र चौकोन होऊन फुटायला लागलं, नेट तासातासाला तुटायचं. केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स बदलला, मॉडेम बदलला, फरक शून्य. शेवटी मीच शिडी लावली. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाने वायरीचं काळं आवरण तडकलं होतं. गच्चीवरचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला. टेप सोडली तर मधली तांब्याची तार हिरवी, भोवतीच्या जाळीचा पांढरा भुगा. वायर खाली धरली तर आतून पाणी टपकलं. ते तसंच आतून उतरत खालच्या स्प्लिटरपर्यंत, म्हणजे एका वायरीचे अनेक फाटे करणाऱ्या डबीपर्यंत, पोचलं होतं. तो गंजलेला स्प्लिटर मी दादांच्या हातात ठेवला. ते काही बोलले नाहीत, पण पाइपाचे पैसे वाचले असं आजही पाहुण्यांना सांगतात.

तुम्ही प्रत्येक खोलीतून २५ मिमीचा पाइप एकाच जागी आणा, जिथे इन्व्हर्टरचा प्लग असेल. लाइट गेली तरी नेट चालू राहतं. टीव्हीला आरजी-६ (केबलवाल्याची गोल काळी वायर), मॉडेमपासून खोल्यांपर्यंत नेटला कॅट-६ (लॅनची वायर), आणि लाइटच्या वायरी त्या पाइपात अजिबात नकोत. चार तोंडांच्या स्प्लिटरवर प्रत्येक तोंडाला साधारण ७ डीबी घट होते, म्हणजे सिग्नलची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. म्हणून मॉडेमची वायर आधीच दोन तोंडांच्या स्प्लिटरवरून वेगळी काढा, टीव्हीचे फाटे त्यानंतर. जोड पिळून नाही, वायरीच्या टोकाला एफ-कनेक्टर (पेचाचं धातूचं टोक) दाबून. बाहेरून येणाऱ्या वायरीला भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथेच गळून जातं.

वायफाय मोबाइलला ठीक आहे. स्लॅब ओलांडून माडीवरच्या खोलीत ते किती पोचतं, हे माझ्या पुतणीला विचारा. ऑनलाइन परीक्षेसाठी ती जिन्यात बसली होती.

हो, तुमच्या गल्लीत फायबर आलं असेल तर नेटसाठी मॉडेमपर्यंत आरजी-६ लागणार नाही, पाइप मात्र लागेलच. फायबरला काटकोनात मोड देऊ नका, वळणं गोल ठेवा आणि पाइपात ओढायची दोरी सोडून ठेवा. प्लास्टर झालंच असेल तर केसिंग पट्टी (भिंतीवरून वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) मारा. आम्ही शेवटी तेच केलं, आणि खर्च पाइपापेक्षा जास्त आला. बिल माझ्याकडे आहे.