अंडे चिरल्यापासून पहिल्या घासापर्यंत

(‘घरचे सोबती’ : वाचकांचे प्रश्न आणि पशुवैद्यकांची उत्तरे)

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांपासून बॉल पायथन या जातीच्या अजगरांची जोडी आहे. या एप्रिलमध्ये मादीने सहा अंडी घातली आणि आम्ही ती इन्क्युबेटरमध्ये ठेवली. सत्तावन्नाव्या दिवशी पहाटे पहिल्या अंड्यावर चीर दिसली तेव्हा घरात अक्षरशः बारशाची धांदल उडाली. सासूबाईंनीही, ज्या इतकी वर्षे त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या, दारातून डोकावून पाहिले. दोन दिवसांत पाच पिल्ले बाहेर आली. सहावे अंडे मात्र चिरलेच नाही. चार दिवसांनी वास येऊ लागला म्हणून उघडले, तर आत पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले होते. आम्ही वेळीच अंडे फोडून मदत केली असती तर ते वाचले असते का? शिवाय बाकीची पिल्ले आज बारा दिवसांची झाली, तरी एकानेही काही खाल्लेले नाही. रोज नव्याने उंदराचे पिल्लू पुढे धरतो, पण ती अंग चोरून वेटोळे करतात. फार काळजी वाटते.
— एक वाचक भगिनी, दांडियाबाजार, बडोदे

उत्तर : सहाव्या अंड्याविषयी आधी बोलतो, कारण तुमच्या पत्रात काळजीपेक्षाही त्याची खंत अधिक जाणवते. पूर्ण वाढलेले पिल्लू अंड्यातच दगावणे हे अनुभवी पाळणाऱ्यांकडेही घडते आणि त्याचे कारण दर वेळी हाती लागतेच असे नाही. पिल्लाच्या नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या टोकाशी एक इवलासा दात असतो. त्याने ते कातड्यासारखे चिवट कवच आतून चिरते आणि काही दिवसांत तो दात गळून पडतो. एखादे पिल्लू अशक्त असते, एखाद्याची आतली बैठक चुकलेली असते, एखाद्याला मुळातच व्यंग असते, आणि ते कवच त्याच्याने चिरत नाही.

आता मदतीविषयी. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका परिचितांकडे मी असेच एक अंडे घाईने उघडले होते. भावंडांनी चिरा पाडून जेमतेम काही तास झाले होते. मी कात्री लावली, कवचाच्या आतली रक्तवाहिनी तुटली आणि अजून पोटात न शिरलेला बलक रक्तासह माझ्या बोटांवर आला. ते पिल्लू तासाभरात गेले. तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. सगळी भावंडे चिरा पाडून दीड दिवस उलटला आणि एकच अंडे मुके राहिले, तरच त्याच्या अगदी वरच्या बाजूला, प्रकाशात रक्तवाहिन्या पाहून त्या टाळून, सेंटिमीटरभर खिडकी पाडायची. पिल्लाला हात लावायचा नाही, ओढायचे तर मुळीच नाही. तेही सरावलेल्या हाताचे काम आहे. तुमच्याकडे तसे कोणी नव्हते, तेव्हा तुम्ही थांबलात हे चुकले असे मी म्हणणार नाही.

चीर पडल्यावर पिल्लू लगेच का बाहेर येत नाही, हे पुढच्या वेळेसाठी समजून घ्या. चिरेतून नाकाचे टोक दिसते, नाकपुडीपाशी बलकाचा एक बुडबुडा फुगतो आणि फुटतो, आपण टॉर्च जवळ नेला की ते टोक पुन्हा आत जाते. बाहेरून ते अडकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते एक किंवा दोन दिवस हवेत श्वास घेण्याची सवय करत असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेत असते. हा बलक म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरी आहे. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर ती सोडवू नयेत, आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवताना जी बाजू वर होती ती शेवटपर्यंत वरच ठेवावी, कारण गर्भ वरच्या भागाला धरून वाढतो आणि अंडे फिरवले तर तो दगावू शकतो.

आता तुमच्या पाच पिल्लांकडे वळू. बारा दिवसांच्या बॉल पायथनने काही न खाणे यात घाबरण्यासारखे काहीही नाही. पहिली कात साधारणपणे जन्मानंतर सात ते चौदा दिवसांत टाकली जाते आणि त्याआधी पिल्लू सहसा खातच नाही. पोटातली शिदोरी त्याला पुरते. तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट एकच आहे : ‘रोज नव्याने पुढे धरतो’. हा साप मूळचा घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेच्या प्रदेशातला. दिवसा तो उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून राहतो आणि घाबरला की डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच त्याला ‘बॉल’ हे नाव पडले आहे. त्याच्या पिल्लापुढे रोज झाकण उघडून चिमट्याने भक्ष्य हलवणे म्हणजे त्याला रोज भीती दाखवणे आहे. आपण अन्न देत असतो, पण त्याला शत्रू आल्यासारखे वाटते.

म्हणून आज रात्रीपासून पाचही पिल्ले वेगवेगळ्या लहान डब्यांत ठेवा. डबा मोठा असला की पिल्लाला उघड्यावर पडल्यासारखे होते, तेव्हा या वयात प्रशस्त जागेचा मोह टाळावा. खाली साधा कागद घाला, कारण पोटावरची बेंबीची खूण नीट मिटेपर्यंत नारळाचा भुसा तिथे चिकटतो. उथळ वाटीत पाणी, आणि अंगाला चारी बाजूंनी टेकेल इतका घट्ट आडोसा. उपडे केलेले मातीचे बोळकेसुद्धा, कड फोडून दार केले, की उत्तम चालते. डब्याच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान असू द्या, आणि हीट मॅटला (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारे यंत्र, लावल्याशिवाय ती वापरू नका. बडोद्यात जूनच्या दुपारी बंद खोलीत खरा धोका थंडीचा नसतो, उष्णतेचा असतो. वीज गेली आणि पिल्लू काही तास २५ अंशांवर राहिले तर ते निभावून नेते. पस्तिशीच्या वर मात्र जीव जाऊ शकतो. पाऊस सुरू झाला की डब्याची भोके उघडी आहेत ना ते पाहा, कारण सतत ओल्या कागदावर राहिल्याने पोटावरचे खवले लाल पडून सडू लागतात.

कात टाकून झाल्यावर तीन-चार दिवस डब्याकडे फिरकू नका, पाणी बदलण्यापुरतेच जा. मग एका संध्याकाळी, दिवे मालवल्यावर, पिल्लाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे उंदराचे पिल्लू द्या. गोठवलेले असेल तर ते आधी फ्रिजमध्ये वितळू द्यावे आणि नंतर कोमट पाण्यात अंगाइतके उबदार करून, कोरडे पुसून, आडोशाच्या तोंडाशी ठेवावे आणि आपण खोलीबाहेर जावे. डोळे उघडलेला जिवंत उंदीर पिल्लासोबत कधीही एकटा सोडू नये, तो कुरतडतो. नाकारले तर सकाळी उचलून टाका आणि पुढचे पाच-सात दिवस पुन्हा प्रयत्न करू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर (अर्थात त्यासाठी वेगळे भांडे ठेवून) आठवड्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा. कात टाकल्यावरही महिनाभर काही घेतले नाही आणि वजन सतत उतरत गेले, त्वचेला सुरकुत्या पडल्या, किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेताना बुडबुडे दिसले, तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या. घशात जबरदस्तीने भरवण्याचा प्रयोग घरी करू नये.

पाहुण्यांना पिल्ले हातात द्यायची नाहीत, निदान प्रत्येकाचे तीन घास पूर्ण होईपर्यंत तरी नाहीच. सासूबाई दारातूनच पाहतात, हेच सध्या सर्वांनी करावे. हाताळणाऱ्याने नंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. बॉल पायथन ‘साइटीस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यामुळे अशा प्राण्यांच्या केवळ मालकीचीच नव्हे, तर जन्माची, हस्तांतराची आणि मृत्यूचीही नोंद करावी लागते. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. मोठ्या जोडीची नोंद तुम्ही केली असेलच. पाच पिल्लांचीही करा, आणि त्याआधी एकही कोणाला देऊ नका.

प्रश्न : विश्वामित्रीच्या काठाजवळ आमचे घर आहे. परवाच्या पावसानंतर माझ्या पुतण्याला अंगणात दीड वीत लांबीचे मगरीचे पिल्लू सापडले. ते बादलीत ठेवले आहे आणि तो त्याला पाव घालतो. थोडे मोठे करून सोडावे असा त्याचा हट्ट आहे.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : पुतण्याचा जीव त्या पिल्लावर जडला आहे, हे मी समजू शकतो; तरीही ते आजच वन विभागाच्या स्वाधीन करा. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, तेव्हा ती एक दिवससुद्धा पाळता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. बहुतेक सरपटणारे प्राणी अंडी घालून निघून जातात. मगर तशी नाही. काठावरच्या खड्ड्यात घातलेल्या अंड्यांवर मादी नजर ठेवते, आतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि ज्या जबड्याने ती जनावर फाडते त्याच जबड्यात अलगद धरून त्यांना पाण्यापर्यंत नेते. नर मगरसुद्धा हे काम करताना पाहण्यात आला आहे. पुढे काही महिने पिल्ले आईच्या आसपास राहतात. म्हणजे या पिल्लाची आई बहुधा जवळच आहे. म्हणूनच ते स्वतः नदीवर सोडायला कोणीही जाऊ नये. पिल्लू ओरडले तर ती धावून येईल.

वन विभागाचे लोक येईपर्यंत बादली सावलीत ठेवा, बोटभरच पाणी ठेवा, वर जाळी झाका आणि पाव बंद करा. पुतण्याला एक गोष्ट मात्र जरूर सांगा, त्याला आवडेल : ते पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या मातीच्या उष्णतेने ठरलेले आहे.

प्रश्न : मी सहावीत आहे. बॉल पायथनच्या पिल्लांचे वरचे पहिले पत्र माझ्या आईने लिहिले आहे. सर्वांत लहान पिल्लाचे डोळे कालपासून निळसर, दुधी झाले आहेत. त्याला दिसत नाही का?

उत्तर : बाळ, त्याला सध्या धूसर दिसते, पण तो आजार नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकायची वेळ आली की जुन्या व नव्या कातेमध्ये द्रव साठून तो दुधी दिसतो. दोन-चार दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतील, आणि त्यानंतर काही दिवसांतच कात निघेल. तोपर्यंत त्याला उचलू नकोस, डब्यात ओलसर शेवाळ्याचा एक छोटा पुंजका ठेव. कात मिळाली की ती पाण्यात भिजवून उलगड आणि डोक्याकडच्या टोकाला दोन गोल भिंगे दिसतात का ते पाहा. ती दिसली तर कात नीट निघाली. नाही दिसली तर आईला सांगून मला पुन्हा पत्र लिही.