ठासणीचं रिव्हॉल्व्हर म्हणावं का?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८६० च्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर इटलीत तयार झालेलं, जेमतेम तीन इंची नळीचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यात काडतूस जात नाही; दारू, शिशाची गोळी आणि दारू पेटवणारी तांब्याची इवलीशी टोपी हे सगळं वेगवेगळं भरावं लागतं. त्याबद्दल मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. वाक्य असं: 'मी एक बनावट रिव्हॉल्व्हर बाळगतो आणि अधूनमधून ते लोड करून उडवतो.' ते वाचून बहीण म्हणाली, 'दादा, हा पोलिसांना दिलेला जबाब वाटतोय.' तर काय लिहावं? आणि 'ठासणीचं रिव्हॉल्व्हर' चालेल का?

बहिणीचं म्हणणं बरोबर आहे, आणि दोष 'बनावट' आणि 'बाळगणे' या दोन्ही शब्दांकडे जातो.

'बनावट' नाम असलं की त्याचा अर्थ घडण. 'इटालियन बनावटीचं रिव्हॉल्व्हर' म्हणजे इटलीत घडलेलं. तोच शब्द विशेषण म्हणून नामाच्या पुढ्यात बसला की खोटेपणा आलाच: बनावट नोटा, बनावट सही, बनावट दाखला. बातम्यांतलं 'देशी बनावटीचं पिस्तूल' खरोखर गोळी झाडतं, 'बनावट पिस्तूल' मात्र दरोड्यात नुसतं रोखलेलं प्लॅस्टिकचं खेळणं निघतं. एका 'ची-चं'चा फरक, पण त्याने पार उलटा अर्थ होतो. तुमचं रिव्हॉल्व्हर खोटं नाही. उबर्ती, पिएत्ता वगैरे कारखाने ब्रेशा शहराच्या परिसरात हेच काम करतात, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटापासून अशा जुन्या नमुन्यांची नवी हत्यारं तिथून अमेरिकेत जाताहेत. त्यांना 'नक्कल' म्हटलं तर पुन्हा बनावटीचाच वास येतो. 'प्रतिकृती' शुद्ध आहे, पण ती काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू वाटते, तिने कुणी बार काढेल असं वाटत नाही. 'जुन्या कोल्टच्या नमुन्यावरून इटलीत घडवलेलं' असं सरळ लिहा. लांबलं तरी गैरसमज होत नाही.

'बाळगणे' तसा निष्पाप शब्द. धीर बाळगतात, सबुरी बाळगतात. पण शस्त्र बाळगणे हे इतकी वर्षं 'विनापरवाना' आणि 'बेकायदा' यांच्या शेजारी छापून आलंय की वाचणारा पुढे 'अटक' शोधू लागतो. 'माझ्याकडे आहे' पुरे.

आता ठासणी. तुम्हाला हा शब्द बखरीतला वाटत असेल, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो आजही रोजच्या वापरात आहे. रानडुकरं आणि माकडं शेतीची नासधूस करतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेल्यांकडे ठासणीची बंदूक असते, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजाने दाबून बसवायचं, म्हणजे ठासायचं. 'ठासून भरलेला' आणि 'ठासून सांगणे' आपण रोज म्हणतो, त्यातलं ठासणं हेच.

बंदुकीच्या नावांत एक गंमत आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक ही नावं दारूला आग कुठून लागते त्यावरून पडली: जळत्या दोरीने, गारगोटीच्या ठिणगीने, की तांब्याच्या इवल्याशा टोपीवर घाव घालून. 'ठासणीची' हे नाव मात्र भरण्याच्या रीतीवरून. त्यामुळे एकच बंदूक टोपीचीही असू शकते आणि ठासणीचीही.

टोपीच्या आधी बंदुकीच्या कानाशी, म्हणजे आतल्या दारूपर्यंत जाणाऱ्या भोकाशी, रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, उघडी ठेवत. ती आधी भपकन पेटे आणि मग आतला बार सुटे. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्सिथ हे पाद्री पक्ष्यांची शिकार करत, आणि तो भपका बघून पक्षी गोळी सुटायच्या आत उडून जात. घाव बसताच पेटणारी रसायनं वापरून त्यांनी १८०७ मध्ये दारू पेटवण्याच्या नव्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्याच वाटेने पुढे तांब्याची टोपी आली. दिवाळीतली टिकल्यांची बंदूक ज्याने उडवली आहे, त्याला टोपीचं काम वेगळं समजवायला नको.

पण रिव्हॉल्व्हर ठासतात कसं? इथेच तुमची शंका रास्त आहे, कारण कोकणातल्या बंदुकीसारखं ते नळीच्या तोंडातून भरत नाहीत. घोडा, म्हणजे टोपीवर घाव घालणारा मागचा हातोडा, अर्धा चढवला की गोळ्यांची घरं असलेला सिलिंडर मोकळा फिरतो. (मराठीत सिलिंडर म्हटलं की आधी गॅस आठवतो, त्याला इलाज नाही.) त्याच्या एकेका घरात समोरून मापाने दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी ठेवायची. ही गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. ज्या मापाला ०.४४ इंची म्हणतात, त्यात ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची गोळी घालतात. नळीखालचा दांडा दाबला की गोळी घरात घुसते आणि तिच्या कडेचं शिसं कापलं जाऊन अंगठीसारखं बारीक कडं बाहेर पडतं. कडं पूर्ण निघालं म्हणजे गोळी चहूबाजूंनी घट्ट बसली. शेजारच्या घरातली ठिणगी आत शिरू नये म्हणून वर चरबी चोपडतात, किंवा गोळीखाली चरबीत भिजवलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती आधीच घालतात. टोप्या सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूने, प्रत्येक घराच्या बारीक पोकळ बोंडावर, म्हणजे निपलवर. ही क्रिया ठासण्याची नाही तर कशाची? नळीच्या तोंडातून की घराच्या तोंडातून, हा तपशील झाला. ठासणीचं रिव्हॉल्व्हर बिनदिक्कत म्हणा.

तुमच्या नमुन्याला तर हा शब्द जास्तच शोभतो. नळी इतकी आखूड असली की खाली दांडा मावत नाही, म्हणून या जातीच्या काही नमुन्यांत तो नसतोच. सिलिंडर बाहेर काढून वेगळ्या दाबयंत्रावर भरा, नाहीतर हातात वेगळी सळई घ्या. त्या सळईला मराठीत आयता शब्द आहे: गज.

'लोड करणे' ऐवजी 'बार भरणे' लिहा. बार म्हणजे एका वेळची दारू-गोळी, बार म्हणजे ती उडणं, आणि बार म्हणजे तो आवाजही. लग्नाचा बार उडतो तो इथूनच, आणि फुसका बारही इथलाच. चुकून बार उडू नये म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जी खबरदारी तुमच्याकडे घेतात, तीही मग एका दमात सांगता येते: 'पाच बार भरले, सहावं घर रिकामं ठेवलं.'

मागच्या बाजूला जो चढवायचा तो घोडा, आणि बोटाने जो ओढायचा तो चाप. हल्ली 'घोडा दाबला' असं सर्रास छापतात. ते मला खटकतं, पण आता रूढ झालंय. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

'त्यात काडतूस जात नाही' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, तिथे 'धातूचं' हा शब्द घाला. काडतूस हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. १८५७ ची चरबी लावलेली काडतुसं आपण शाळेत शिकतो आणि डोळ्यांपुढे पितळी काडतुसं आणतो. पितळ कुणी दातांनी फोडेल का? ती कागदाची पुडी होती, आत दारू आणि गोळी. शिपायाने ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. एनफिल्ड रायफलही टोपीची आणि ठासणीचीच. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या मूळ नमुन्यासाठीही कागदी काडतुसं मिळत, ती दारूसकट जळून जात.

या भेदाला कायद्यातही वजन आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात असं तयार काडतूस न घेणारं, जुन्या नमुन्याचं नवं हत्यारही पुराणवस्तूत मोडतं. काही राज्यांचे नियम मात्र याहून कडक आहेत. भारतात ही सवलत गृहीत धरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याची अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकाच्या जोराने काहीतरी फेकणाऱ्या प्रत्येक हत्याराला लागू होते, मग ते टोपीवर चालो की काडतुसावर. म्हणजे परवाना आलाच.

नळीसाठी 'आखूड' हाच शब्द ठेवा, 'छोटी' नको. छोट्या नळीत भोक लहान असेल असंही वाटू शकतं. आखूड म्हणजे लांबीलाच कमी, जसा आखूड बाह्यांचा सदरा. गमतीने लिहायचं असेल तर 'नकटं रिव्हॉल्व्हर' म्हणा. इंग्रजीतही त्याला नाकावरूनच नाव आहे, आणि नकट्याच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा पहिलं वाक्य असं करून बघा: 'माझ्याकडे जुन्या कोल्टच्या नमुन्यावरून इटलीत घडवलेलं, आखूड नळीचं, ठासणीचं रिव्हॉल्व्हर आहे, अधूनमधून त्यात बार भरतो आणि नेमबाजीच्या मैदानावर जाऊन उडवतो.' 'ते रिव्हॉल्व्हर' की 'ती रिव्हॉल्व्हर', हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बहीण विचारेल. दोन्ही ऐकू येतात. मी पिस्तुलाच्या जोडीने नपुंसकलिंगी लिहितो.